इंग्रजीचा अभ्यास आणि घरची मराठी

(गणेशोत्सवात नेपियर टाउन येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



बारावीचा निकाल लागला की पालक मला दोन प्रश्न विचारतात. मुलांना इंग्रजी शाळेपासून येतेच, मग विद्यापीठात पुन्हा तेच काय शिकायचे? आणि हे भाषाविज्ञान म्हणजे नेमके काय?

भाषा बोलता येणे वेगळे आणि ती कशी चालते हे कळणे वेगळे. एक सोपा प्रयोग आहे. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा तोंडासमोर धरलेल्या तळहाताला श्वासाचा झोत लागतो. ‘स्पिन’ म्हणताना तो जवळजवळ लागत नाही. हा फरक त्याच्या स्वतःच्या ध्यानातही येत नाही, कारण इंग्रजीत त्यामुळे अर्थ बदलत नाही. आपल्याकडे मात्र अशाच झोतामुळे ‘ताट’चे ‘थाट’ होते! असे ध्वनी, शब्दांची रूपे, वाक्यरचना, अर्थ आणि समाजातला भाषेचा वापर या साऱ्यांचा पद्धतशीर विचार म्हणजे भाषाविज्ञान.

आपल्याकडे एम.ए. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी भर साहित्यावर असतो. भाषाविज्ञान एखाद-दुसऱ्या पेपरात भेटते. ज्याला त्यातच पुढे जायचे आहे त्याने पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा हैदराबादची इंग्रजी व परकीय भाषांची केंद्रीय संस्था, जी आता विद्यापीठ झाली आहे, यांची माहिती जरूर घ्यावी. अध्यापन, भाषांतर, कोशकार्य, वाचा-उपचार आणि संगणकाला माणसाची भाषा शिकवण्याचे काम, अशा अनेक ठिकाणी हा अभ्यास उपयोगी पडतो.

पण आज मला सांगायचे आहे ते थोडे निराळे. इंग्रजीच्या वाटेने गेलेली आपली मोठी माणसे शेवटी मराठीकडेच वळली. डॉ. अशोक केळकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९५८ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता मराठीची ध्वनिव्यवस्था आणि रूपव्यवस्था! डॉ. राजेश्वरी पांढरीपांडे यांनी अमेरिकेत अध्यापन करताना मराठीचे विस्तृत व्याकरण इंग्रजीत लिहिले. ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या भाषेच्या अभ्यासाने आलेली दृष्टी त्यांनी आपल्या भाषेच्या कामी लावली.

आता आपल्या जबलपूरच्या घरांकडे पाहू. नातू विचारतो, “आजी, आम्ही आरतीला कधी जाणार?” आजी म्हणते, “तुम्ही जा बाबा, मी आहे घरीच!” नातवाला आजीला सोडून जायचे नसते. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तोही आत येतो. हिंदीतल्या ‘हम’ला आणि इंग्रजीतल्या ‘वुई’ला हा भेद नाही. शाळेत याच दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाच्या बोलण्यातून ‘आपण’ हळूहळू निसटतो. ‘माझी पुस्तक’चेही तेच. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंग मुळी नाहीच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतले ‘ज’चे दोन उच्चारही इथल्या मुलांच्या तोंडी एक होतात.

अशा बोलण्याला आपण हसतो किंवा ‘अशुद्ध’ म्हणून मुलाला गप्प करतो. गप्प झालेले मूल पुढच्या वेळी सरळ हिंदीत उत्तर देते. भाषेचा विद्यार्थी मात्र आधी विचारतो, असे का झाले? कारण कळले की मुलाला प्रेमाने सांगताही येते.

आणखी एक गोष्ट. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. त्या काळची येथील मराठी ज्यांच्या कानात आहे, ती मंडळी आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची बोली, त्यातले हिंदीतून आलेले शब्द, सणावाराच्या म्हणी कोणी नोंदवून ठेवल्या नाहीत, तर त्या त्यांच्याबरोबरच जातील. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आपल्या सर्वांना आनंद आहे. परंतु जबलपूरची मराठी टिपून ठेवायला दुसरे कोणी येणार नाही.

म्हणून महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत प्रत्येकाने एका तरी आजी-आजोबांना विचारून, त्यांच्या संमतीने, अर्धा तास त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. लग्न होऊन इथे आल्यावर कोणते शब्द नवे वाटले, घरी काय बोलत आणि बाजारात काय, एवढे विचारले तरी पुरे. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला हा उत्तम प्रकल्प होईल आणि मंडळाजवळ एक ठेवा जमेल.

हे काम ‘तुम्ही’ करा असे म्हणून मी थांबणार नाही. आपण करू या.

गणपती बाप्पा मोरया!