खरे माप



आज मी तुमच्याशी मापाविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी, माप आम्हांला काय शिकवता? बरोबर आहे. अक्षर तुम्ही अलीकडे शिकलात, माप लहानपणापासून ओळखता. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला आपण 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, मग तीन. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. 1958 पासून सरकारने किलोग्रॅम आणला, तरी माझ्या लहानपणी आमच्या गावात पायलीच चालायची.

मापात खोट कशी करतात तेही तुम्हांला ठाऊक आहे. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवायचा. अधोलीच्या तळाशी लाख ओतायची. घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना वरून हात फिरवून सपाट द्यायचे. दांडी कशी मारतात हे मी सांगत बसत नाही. तुमच्यापैकी काहींना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल!

ही विद्या फार जुनी आहे. बायबलात आमोस नावाच्या संदेष्ट्याचे पुस्तक आहे. हा माणूस तकोवा गावचा. गुरे-मेंढरे राखायचा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करायचा. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात तो होऊन गेला. त्याने आपल्या काळच्या व्यापाऱ्यांना भर बाजारात बोलावे तसे सुनावले आहे. सणाचा दिवस कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, असे त्यांना झालेले असे. धान्याचे माप लहान करायचे, पैसे तोलण्याचे वजन मोठे करायचे, आणि गव्हाचा भुसाही गरिबाच्या गळ्यात बांधायचा. त्या काळी चांदी तोलून देत असत. म्हणजे गरीब दोन्हीकडून नागवला जाई.

त्यांची वजने दगडाची असत. त्या देशात जमीन खणताना अशी चुनखडीची लहान गोल वजने पुष्कळ सापडली आहेत. एका शेकेलाचे वजन साधारण 11 ग्रॅम भरते. व्यापारी ती थैलीत घालून गावोगाव फिरे. म्हणून अनुवाद नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे की, थैलीत एक लहान आणि एक मोठा असे दोन प्रकारचे दगड ठेवू नयेत. घ्यायला एक आणि द्यायला दुसरा, हे चालणार नाही.

लेवीय नावाच्या पुस्तकाचा 19 वा अध्याय तर शेतकऱ्याने वाचावाच. शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. आणि शेवटी तराजू, वजने, धान्याचे माप, तेलाचे माप, सगळे खरे असावे.

आता नीट ऐका. माप खरे ठेवा, नाहीतर दंड होईल, असे तिथे लिहिलेले नाही. देव तिथे आपली ओळख सांगतो. तुम्हांला मिसर देशातून बाहेर काढणारा तो मी, असा त्याचा अर्थ आहे.

मापाचा आणि मिसर देशाचा काय संबंध? मलाही पुष्कळ दिवस हा प्रश्न पडला होता.

संबंध असा. ते लोक मिसरात गुलाम होते. विटा पाडीत होते. विटेच्या चिखलात पेंढा घालावा लागतो. पहिल्यांदा पेंढा सरकारातून मिळे. पुढे राजाने हुकूम काढला की पेंढा त्यांचा त्यांनी गोळा करावा, पण विटा मात्र रोजच्या तितक्याच भरल्या पाहिजेत. विटा कमी भरल्या की मुकादमांना मार. हे खोटे मापच नव्हे काय? ज्यांनी असे माप पाठीवर सोसले, त्यांना देवाने सोडविले. आधी सोडविले, आज्ञा मागाहून दिल्या. हा क्रम विसरू नका. तुम्ही चांगले वागा, मग मी तुम्हांला सोडवीन, असे तो म्हणाला नाही.

आणखी एक गोष्ट. हिब्रू भाषेत देवाच्या नीतिमत्त्वाला 'सेदेक' म्हणतात. खऱ्या तराजूला, खऱ्या वजनालाही त्या अध्यायात हाच शब्द लावला आहे. म्हणजे देव जसा, तसा तुमच्या दुकानातला काटा. देवाने आपल्याशी सरळ व्यवहार केला, मग आपण शेजाऱ्याशी वाकडा कसा करावा? आज्ञा पाळणे ते हेच. ती देवाला दिलेली लाच नव्हे, आणि तपासनीस येणार म्हणून केलेली झाडलोटही नव्हे.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सबंध बायबल मराठीत आणले. 1922 साली त्या वारल्या आणि 1924 साली ते पुस्तक निघाले. साध्यासुध्या बायांना वाचता यावे, असा त्यांचा हेतू होता. तुम्हीही आता वाचू शकता, म्हणून सांगितले.

एवढे सगळे सांगणारा मी, माझे माप कसे होते ते आता ऐका. हा लेवीयचा अध्याय मला लहानपणापासून ठाऊक होता. वडील घरात मोठ्याने वाचीत.

1995 साली सरकारने शाळेतल्या मुलांना दरमहा 3 किलो धान्य द्यायची योजना काढली. आमच्या शाळेत तांदूळ यायचा. मुले 66. लागायचा 198 किलो. 50 किलोच्या चार गोण्या यायच्या. मी एक गोणी सहज काट्यावर टाकली, तर 46 किलो भरली. चारही तशाच. आणणारा म्हणाला, "गुरुजी, वरूनच अशी येते. सही करा." मी 200 किलोवर सही केली. भांडण कोण काढणार?

आता 184 किलो 66 मुलांना पुरवायचे कसे? माझ्याकडे 3 किलोचा पत्र्याचा डबा होता. मी गड्याला सांगितले, डबा काठापर्यंत भरू नको, दोन बोटे खाली ठेव. झाले. प्रत्येकाचे पाव किलो कमी, कुणाला कळत नाही. हिशेब तुम्हीच करून पहा. वाटून दोन-अडीच किलो उरायचे. ते कुठे गेले, हे मी विचारले नाही. असे चार महिने चालले.

एक दिवस एका मुलीची आजी आली. फडक्यात तांदूळ बांधून आणला होता. दुकानात तोलून आली होती. शाळेबाहेर उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "गुरुजी, कमी असंल तर कमी म्हणा. आम्ही काय जास्त मागतो व्हय? पर कमी देऊन तीन म्हणू नका."

मला बोलता येईना. तीन किलो दिले असे नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिले होते. पेंढा न देता विटा मोजून घेणारा तो राजा मला आठवला. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मला तो अध्याय पाठ होता.

पुढच्या महिन्यात गोण्या आल्या तेव्हा मी चार पालकांना बोलावले. त्यांच्यासमोर तोलल्या आणि भरले तेवढेच वजन लिहून सही केली. आणणारा रागावून गेला. मला वरून लेखी खुलासा विचारला. मी दिला. मग दोन महिने गोण्या पुऱ्या आल्या, तिसऱ्या महिन्यात पुन्हा कमी. मी पुन्हा कमीच लिहिले. माझी बदली झाली तेव्हाही हे पुरते मिटले नव्हते. खोटे कशाला सांगू?

पण मागच्या चार महिन्यांचे देणे माझे होते. प्रत्येक मुलामागे 1 किलो, एकूण 66 किलो. दोन पगारांतून तांदूळ घेतला. घरात बोलणी बसली, ती रास्तच होती. एका शनिवारी पालकांना बोलावून, का देतो ते सांगून, माझ्या हाताने वाटला. काही जण हसले. एकाने, इतके दिवस खाल्लेत ना, असे तोंडावर म्हटले.

आजी सगळ्यांत शेवटी आली. मी माप भरले, वर शीग लावली. तिने शीग हाताने सारून खाली पाडली आणि म्हणाली, "माझं तेवढंच द्या." मग पदर पसरला. माप पदरात पडताना ती 'एक' म्हणाली नाही, 'लाभ' म्हणाली.