न झालेल्या दंगलींची नोंद

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या साहित्याचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो स्मरणिकेत छापला आहे, तिथे वाचावा. मला एकच तक्रार मांडायची आहे. जळालेल्या वस्त्यांवर आपण भरपूर लिहिले, पण जी वस्ती जळता जळता राहिली तिच्याबद्दल आपली वही कोरी आहे. 1970 च्या मे महिन्यात जळगावात दंगल झाली. भिवंडी आणि महाडबरोबर तिचीही चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. काय घडले ते त्या अहवालात आहे. पण त्याच दिवसांत याच खानदेशात कितीतरी गावे शांत राहिली. ती का राहिली, हे विचारायला कोणताही आयोग नेमला जात नाही. ते काम लेखकांचे होते.

ठिणगी कुठे पडते ते आधी पाहू. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून बाचाबाची झाली आणि संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. मारले कुठे, तर ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. ज्या खोलीत गावाने तंटे मिटवायचे, त्याच खोलीत. दोन्हीकडे सुरुवात किरकोळ होती, आणि ती जागच्या जागी थांबवणारा माणूस त्या घटकेला तिथे नव्हता. आपल्या शांतता समित्या सणाच्या आधी बसतात. चहा-बिस्किटे होतात, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, डीजेच्या आवाजावर चर्चा होते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. हॉटेलातले भांडण मात्र सणवार पाहून होत नाही.

विद्वान मित्र म्हणतात, दंगली वरून घडवल्या जातात, मोहल्ल्यातली चार माणसे काय करणार? याला भिवंडीने उत्तर दिले आहे. 1970 आणि 1984 मध्ये होरपळलेल्या त्या गावात 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागातला पोलीस वरचेवर एकत्र बसत, रोजच्या तक्रारींवर बोलत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी पुढे पुस्तकच लिहिले, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’. असा प्रश्न शीर्षकात विचारणारी किती मराठी पुस्तके आपल्याला आठवतात? कट वर शिजत असेलही, पण दगड उचलायला हात गल्लीतलाच लागतो, आणि समोरच्या घरातल्या माणसाला नावाने ओळखणारा हात थोडा अडखळतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. समझोत्याच्या नावाखाली दुबळ्याचे तोंड दाबले जाते. 2007 ची तंटामुक्त गाव मोहीम चांगल्या हेतूने आली, पण तंटे मिटवल्याबद्दल गावाला मिळणारे बक्षीस डोळ्यांसमोर असले की तक्रार नोंदवण्याआधीच ती मिटवण्याचा मोह होतो, हे मान्य केले पाहिजे. बांधावरचे भांडण गावाने मिटवावे. खून आणि अत्याचार कोर्टातच गेले पाहिजेत, आणि गोळीबाराचा जाब सरकारनेच दिला पाहिजे. शेजाऱ्यांनी एकत्र बसणे हा न्यायाला पर्याय नव्हे.

माणसांना असे एकत्र बसवण्याचे संथ काम आपल्याला नवे नाही. आपली प्रत्येक सभा साने गुरुजींच्या प्रार्थनेने सुरू होते. गुरुजींना आपण हळवे करून ठेवले आहे. 1947 मध्ये विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपूरला उपोषणाला बसण्यापूर्वी ते काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव लोकमत तयार करत फिरले होते. उपोषण आपल्या लक्षात राहिले, त्याआधीची ती पायपीट आपण विसरलो.

तेव्हा या संमेलनाने एक नोंदवही सुरू करावी. अफवा कुठे आली, कोणी अडवली, कशी अडवली, एवढेच त्यात लिहायचे. खर्च, समिती वगैरे पुढे पाहू. अफवा म्हणजे सुद्धा रचलेली गोष्टच, आणि रचलेली गोष्ट ओळखणे हा तर आपला धंदा. मात्र ही वही नुसत्या प्रमाण मराठीत भरणार नाही. या भागातली माणसे अहिराणीत भांडतात, पावरीत घाबरतात, उर्दूत समजूत घालतात. ज्यांना या भाषा लिहिता येतात त्यांनी आज जेवणाच्या सुटीत मंचामागे यावे. मी तिथे थांबतो.