पांबनचा पूल आणि गंगेचा गडू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब रामेश्वरास जाऊन आलो. तेथील देवालयाचे वर्णन आपण पुष्कळदा ऐकले आहे. आज बोलावयाचे आहे ते वाटेवरच्या एका पुलाविषयी.

मदुरेहून निघालेली गाडी मंडपम् सोडून समुद्रावर आली. हा नवा पूल त्याच वर्षी रामनवमीस, ६ एप्रिल रोजी, खुला झाला होता. शेजारी जुना पूल रिकामा उभा होता. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झालेली त्याची वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबली. लांबी दोन किलोमीटरांहून किंचित अधिक. मधला गाळा जहाजांसाठी उघडत असे. तो यंत्राने उघडतो असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते साफ चुकीचे होते! शेर्झर नावाच्या अमेरिकी अभियंत्याच्या पद्धतीचे ते दोन पोलादी पंख माणसे हातांनी दांडे फिरवून उचलीत. आमचे कोणी विद्यार्थी येथे असतील तर त्यांनी एवढी दुरुस्ती करून घ्यावी.

आमच्या घरी या पुलाचे नाव निराळ्याच कारणाने निघे. आजीने काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघरात होता. त्यातील जलाचा रामेश्वरास अभिषेक झाल्याखेरीज यात्रा पुरी होत नाही, ही जुनी श्रद्धा. १९६५ च्या महाशिवरात्रीस तेथे पोहोचावयाचे ठरले होते. तोच २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीकडे निघालेली गाडी शंभराहून अधिक माणसांसह समुद्राने गिळली. धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले. पुलाच्या १४५ पैकी १२६ तुळया वाहून गेल्या. जहाजांसाठी उघडणारा गाळा तेवढा शाबूत राहिला. मोटारींचा पूल झाला तो १९८८ साली. त्यापूर्वी बेटाला जोडणारा हा एकच पूल होता.

वडिलांनी बातमी वाचून दाखविली तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे माझा गडू इथेच राहायचा." आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. गावातील शास्त्रीबुवांनी तोडगा सुचविला, की आपल्याच महादेवावर गंगा वाहावी, पुण्य तेच. आजीने ऐकले नाही.

पुढील हकिगत आम्हांस गाडीत समोर बसलेल्या एका वृद्ध तमिळ गृहस्थांनी मोडक्या हिंदीत सांगितली. परत आल्यावर ती आम्ही पुस्तकांवरून ताडून पाहिली. रेल्वेने दुरुस्तीस सहा महिन्यांची मुदत ठरविली होती, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम आले ई. श्रीधरन् या बत्तीस वर्षांच्या अभियंत्याकडे. समुद्रात पडलेल्या तुळया हुडकून, वर काढून त्यांनी त्या पुन्हा खांबांवर चढविल्या, आणि पूल ४६ दिवसांत उभा केला. दिवसांच्या हिशेबापेक्षा आम्हांस नवल वाटते ते बुडालेलेच लोखंड पुन्हा कामास लागले याचे.

आजी वैशाखात गेली ती त्याच लोखंडावरून. पुलाविषयी तिने परत येऊन एवढेच सांगितले, "खाली पाहवेना. डोळे मिटले नि गडू पोटाशी धरून बसले."

हेच श्रीधरन् १९९० साली कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल त्यांच्याच कारकीर्दीतला. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे गणपतीस त्यावरून घरी जातात. ज्यांनी आजीची वाट मोकळी केली त्यांनीच आमच्या गावाकडे गाडी आणली, हे आम्हांस इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. शिक्षकास हे शोभणारे नाही. आजीच्या कानी तर ते कधीच पडले नाही.

या खेपेस आम्ही गंगा नेली ती आजीच्याच गडूतून. येताना त्यात सेतूची वाळू भरून आणली आहे. ती प्रयागास गंगेत सोडावयाची असते. परंतु आमचे गुडघे आता तेवढा प्रवास करू देतील असे दिसत नाही. गडू व्यासपीठाशेजारच्या मेजावर ठेवला आहे. माघमेळ्यास कोणी ज्ञातिबांधव निघणार असतील तर त्यांनी वाळू घेऊन जावी, आणि गडू तेवढा आठवणीने परत आणून द्यावा.