उमेदवार कोण ठरवितो ?

परीक्षेंत ‘पुढीलपैकीं कोणत्याहि एका विषयावर निबंध लिहा’ असें सांगतात. निवड विद्यार्थ्याची खरी. पण विषय काढणारा परीक्षक निराळाच असतो. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत मतदारापुढें बहुधा दोनच नांवें महत्त्वाचीं असतात. तीं कोणीं ठरवावींत, याविषयीं तेथील राज्यघटनेंत एक अक्षरहि नाहीं. तें काम पक्षांनींच आपल्या हातीं घेतलें.

१९२० सालीं शिकागोच्या अधिवेशनांत रिपब्लिकन पक्षाच्या कोणाहि इच्छुकास बहुमत मिळेना. रात्रीं एका हॉटेलांत पुढाऱ्यांचीं खलबतें झालीं आणि दुसऱ्या दिवशीं दहाव्या मतदानांत वॉरन हार्डिंग यांची निवड झाली. ‘धुरानें कोंदलेली खोली’ हा वाक्प्रचार तेव्हांपासून रूढ झाला.

१९६८ सालीं ह्यूबर्ट हंफ्रे यांनीं एकाहि राज्यांत प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. तरी डेमोक्रॅटिक पक्षानें उमेदवारी त्यांसच दिली. त्या वेळीं शिकागोच्या रस्त्यांवर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या. हंफ्रे पुढें पराभूत झाले आणि नियम बदलले. निवड मुख्यतः प्राथमिक निवडणुकींतील मतदारांच्या हातीं गेली. नियम सुधारणाऱ्या समितीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न १९७२ सालीं स्वतःच उमेदवार झाले, आणि ५० पैकीं ४९ राज्यांत हरले !

तेव्हां पक्षांतील जाणत्यांस पुन्हां स्थान हवेंसें वाटूं लागलें. १९८४ पासून लोकप्रतिनिधी व पदाधिकारी यांना ‘सुपरडेलिगेट’ म्हणून स्वतंत्र मत मिळालें. २०१६ सालीं त्यावरून मोठा असंतोष माजला. २०१८ सालीं, चुरशीच्या लढतींत पहिल्या फेरींत त्यांनीं मत देऊं नये, असें ठरलें. तरी २०२४ सालीं बायडन यांनीं माघार घेतली, तेव्हां प्राथमिक निवडणूक न लढवितांच कमला हॅरिस उमेदवार झाल्या.

जाणत्यांचा सल्ला अगदींच टाकाऊ नव्हे. उमेदवाराचा स्वभाव व कुवत ते जवळून पाहतात. १८६० सालीं लिंकन यांनाहि अधिवेशनांतील प्रतिनिधींनींच निवडलें होतें. परंतु त्याच पद्धतीनें हार्डिंगहि मिळाले, आणि त्यांच्या कारकीर्दींत तेलाच्या सरकारी जमिनींचें लांचलुचपतीचें प्रकरण घडलें. म्हणून सल्ला अवश्य असावा. पण तो उघड्यावर द्यावा व देणाऱ्यानें त्याची जबाबदारी पत्करावी.

मतदारानेंहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्राथमिक निवडणुकीस मुख्य निवडणुकीपेक्षां पुष्कळच कमी लोक येतात. नांवें ठरतात त्या वेळीं जो घरीं बसतो, त्याच्या वतीनें निवड दुसरा कोणी तरी करणारच.