बारावी कोठे करावी?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी पालक मेळाव्यातील भाषण)



जबलपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली निघाले, तेव्हा नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. पुढे १९६० साली नागपूरला विश्वेश्वरय्यांच्या व भोपाळला मौलाना आझादांच्या नावाने महाविद्यालये उघडली. २००२ पासून ती राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखली जातात. रस्त्याने आपल्याला नागपूरच जवळ. परंतु प्रवेशाचा हिशेब मैलांवर होत नाही.

या दोन्ही संस्थांत प्रवेश ‘जेईई मेन’च्या गुणानुक्रमाने मिळतो. निम्म्या जागा स्वराज्यातील विद्यार्थ्यांसाठी, निम्म्या इतर राज्यांसाठी असतात. येथे स्वराज्य म्हणजे जन्मभूमी नव्हे, मातृभाषेचा प्रांत तर नव्हेच. जेथून बारावी उत्तीर्ण झाला ते राज्य. शिवाय खुल्या वर्गास बारावीत पंचाहत्तर टक्के गुण हवेत, अथवा आपल्या परीक्षामंडळाच्या वरच्या वीस शतांशांत स्थान हवे.

महाराष्ट्र शासनाच्या महाविद्यालयांचा न्याय निराळा. तेथे ‘सीईटी’ची परीक्षा असते आणि राज्याच्या जागांसाठी सामान्यतः दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातील लागतात, किंवा आईवडिलांपैकी एकाचे तेथील अधिवास प्रमाणपत्र लागते. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषिकांना या नियमांत स्वतंत्र स्थान आहे. आम्हा जबलपूरकरांना ते नाही. त्यांचा हक्क आम्हाला मान्य आहे. तथापि पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी राखणाऱ्याला हे वाचताना क्षणभर वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

हे सारे आम्ही पोथीतून नव्हे, ठेच लागून शिकलो. आमच्या पुतण्याला दहावीनंतर आम्हीच हट्टाने नागपूरला धाडले. आपल्या माणसांत राहील, शिकवणीही चांगली मिळेल, एवढाच विचार. परिणाम असा झाला की, भोपाळच्या स्वराज्याच्या जागांवरील त्याचा हक्क गेला. आणि दहावी जबलपूरची, वडिलांचा अधिवास मध्यप्रदेशचा, म्हणून महाराष्ट्र शासनाच्या जागाही मिळेनात. नागपूरच्या राष्ट्रीय संस्थेत मात्र तो स्वराज्याचा ठरला, पण तेथे गुण थोडक्यात कमी पडले. मुलगा आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. त्याची आई मात्र अजून बोलते, आणि ते योग्यच आहे.

आपल्याच गावातील भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व विनिर्माण संस्था २००५ ची. तिचे दार साऱ्या देशाला ‘जेईई मेन’नेच उघडते, जबलपूरकर म्हणून तेथे वेगळी जागा मिळेल, अशा समजुतीत राहू नये. जुन्या शासकीय महाविद्यालयात मात्र राज्याच्या रहिवाशांना अजून मोठा वाव आहे, आणि त्याला दुय्यम मानण्याची आमच्या घरांतील नवी रीत आम्हाला पटत नाही.

नियम दरसाल थोडेफार पालटतात. म्हणून दहावीचा निकाल लागताच, अकरावीचे शुल्क भरण्यापूर्वी, चालू वर्षाच्या पुस्तिका घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे. रविवारी सकाळी आम्ही तेथे असतो.