एका खाटेभोवती

१९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी, परिचर्या सारे एका छत्राखाली आले. महाविद्यालये मात्र निरनिराळीच.

अम्मींना पक्षाघात झाला, तेव्हा डॉक्टर म्हणत, 'पडून राहा'. फिजिओथेरपिस्ट म्हणत, 'हात हलवा'. दोघांचे आपसांत बोलणे नाही. निरोप्या कोण, तर मी, साधा बी.ए.!

स्वीडनमधल्या लिनशॉपिंग विद्यापीठाने १९९६ मध्ये एक वॉर्डच विद्यार्थ्यांवर सोपवला. भावी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट शिक्षकांच्या देखरेखीखाली मिळून रुग्ण सांभाळू लागले. रुग्णाला उठवणे-बसवणे भावी डॉक्टरांच्याही वाट्याला आले.

आपल्याकडे त्यासाठी आधी वेळापत्रके जुळवावी लागतील, आणि ते शस्त्रक्रियेहून अवघड! पण निदान एका खाटेपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?