ड्रिफ्टिंग : खूळ की खेळ?



क्रीडापत्रकारांच्या संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, नव्या पिढीला चार उपदेश करावेत आणि सरकारकडे दोन मागण्या मांडाव्यात, ही आपली रीत मला ठाऊक आहे. आज ती मी मोडणार आहे. माझा सगळा वेळ एका खेळाला देणार आहे, आणि खेळही असा की त्याला खेळ म्हणावं का यावरच आपल्यात एकमत नाही. तो म्हणजे ड्रिफ्टिंग. हा विषय निघाला की मोटरस्पोर्टवर लिहिणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, टायर जाळायचे, धूर काढायचा आणि टाळ्या घ्यायच्या. हे खूळ आहे, पाच वर्षांनी नाव उरणार नाही. दुसरा म्हणतो, उद्याचा खेळ हाच. यातलं पाच वर्षांचं भाकीत आता पंचवीस वर्षांचं झालं आहे. पण नुसता काळ लोटला म्हणून खुळाचा खेळ होत नाही. तो कशाने होतो, हे मला आज तपासायचं आहे.

आधी प्रकार समजून घेऊ. मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी गाडी वळणावर येते. चालक तिला आधी उलट बाजूला हिसका देतो आणि मग वळणात घालतो; कधी क्लच झटकन दाबून सोडतो, कधी हँडब्रेक ओढतो. मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. तुम्ही-आम्ही इथे घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढू आणि गाडी गरकन फिरेल. ड्रिफ्टर पाय काढत नाही. तो पुढची चाकं घसरणीच्या दिशेला वळवतो, मागची चाकं जोरात फिरती ठेवतो आणि आडवी झालेली गाडी ठरलेल्या रेषेवरून नेतो. साध्या गाडीचं पुढचं चाक साधारण ३५-४० अंशांपर्यंत वळतं. स्पर्धेच्या गाडीत सस्पेन्शनचे भाग बदलून ते ६० अंशांच्या पुढे नेलेलं असतं, म्हणून एवढी आडवी गाडीही सावरता येते.

घसरणं ही मोटरस्पोर्टमध्ये नवी गोष्ट नाही. १९३० च्या दशकात शर्यतींचा चालक ताझिओ नुवोलारी चारही चाकं घसरवत वळणं घ्यायचा. फँजिओ आणि स्टर्लिंग मॉस या चालकांनी १९५० च्या दशकात तेच केलं. ती शोबाजी नव्हती. त्या काळच्या टायरांना जास्तीत जास्त पकड थोडं घसरतानाच मिळायची, म्हणून घसरणारा चालक वेगवान ठरायचा. पुढे रेडिअल आणि स्लिक टायर आले, गणित उलटलं आणि सर्किटवर घसरणं म्हणजे वेळ घालवणं ठरलं.

नेमक्या याच वळणावर जपानमधल्या प्रेक्षकांचं लक्ष कुनिमित्सु ताकाहाशीकडे गेलं. मुळात हा मोटरसायकलवाला. १९६१ मध्ये होंडावर बसून त्याने हॉकेनहाइमची शर्यत जिंकली. मोटरसायकलची जागतिक ग्रां प्री जिंकणारा तो पहिला जपानी. १९७० च्या दशकात टूरिंग कारच्या शर्यतींत तो स्कायलाइन ही गाडी अशी काही आडवी घालायचा की लोक निकालापेक्षा त्याची वळणं बघायला यायचे. त्यांतलाच एक प्रेक्षक म्हणजे नागानोचा केईइची त्सुचिया. त्याने हे तंत्र घाटातल्या रस्त्यांवर घोटलं. त्याचं नाव टोयोटाच्या एई८६ या गाडीशी कायमचं जोडलं गेलं. १९८३ मध्ये कोरोलाची बाकीची मॉडेलं पुढच्या चाकांवर चालू लागली, ही मात्र मागच्या चाकांवरच राहिली. हलकी, स्वस्त आणि मागच्या चाकांवर चालणारी, म्हणून ती पोरांच्या हाती गेली. १९८७ मध्ये त्सुचियाच्या घाटातल्या ड्रायव्हिंगची ‘प्लस्पी’ ही व्हिडिओ कॅसेट निघाली आणि अख्ख्या जपानमधली पोरं रात्री घाट चढू लागली.

आपल्याकडे काही जण म्हणतात, ज्याला शर्यत जिंकता येत नाही तो ड्रिफ्ट करतो. त्यांच्यासाठी एक नोंद. १९९५ च्या ल माँ चोवीस तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्सने आपला वर्ग जिंकला. तिघा चालकांपैकी दोघे होते ताकाहाशी आणि त्सुचिया.

त्याच वर्षी शुइची शिगेनोची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली. तोफू पोचवणारा एक मुलगा घाटात भल्याभल्यांना मागे टाकतो, ही गोष्ट २०१३ पर्यंत चालली. २००० च्या ऑक्टोबरमध्ये फुकुशिमातल्या एबिसु सर्किटवर त्सुचिया आणि ‘ऑप्शन’ मासिकाचे दाइजिरो इनादा यांनी देशपातळीवरची स्पर्धा भरवली, आणि पुढच्या वर्षापासून ती डी१ ग्रां प्री या नावाने मालिका म्हणून धावू लागली. २००३ मध्ये तिचा प्रयोग कॅलिफोर्नियात अर्विंडेलच्या ट्रॅकवर झाला. २००४ मध्ये अमेरिकेची स्वतःची फॉर्म्युला ड्रिफ्ट मालिका सुरू झाली. २००६ च्या ‘टोकियो ड्रिफ्ट’ या चित्रपटाने हे लोण उरलेल्या जगात पोचवलं. खूळ म्हणणाऱ्यांचा जोर तेव्हाच सर्वांत जास्त होता, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. चित्रपटाने आलेली लाट चित्रपटाबरोबर ओसरते, हा आपला अनुभव आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. मोटरस्पोर्ट म्हणजे घड्याळ. इथे पहिला कोण हे घड्याळ सांगत नाही, परीक्षक सांगतात. मग ही शर्यत कसली? हा आक्षेप महाराष्ट्रात तरी कुणी घेऊ नये. मल्लखांबातही निकाल परीक्षकच देतात. उड्या, पकडी, तोल, सफाई यांना गुण मिळतात आणि मल्लखांब हा खेळ आहे का, असं आपण विचारत नाही. २०१९ मध्ये मुंबईत त्याची जागतिक स्पर्धाही झाली.

पण परीक्षकांच्या गुणांवर चालणारा प्रत्येक प्रकार टिकतोच असंही नाही. बर्फाच्या उतारावर संगीताच्या तालात गिरक्या घेण्याचा स्की बॅले नावाचा एक प्रकार होता. १९८८ च्या कॅल्गरी आणि १९९२ च्या आल्बेअरव्हिल हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. पदकांच्या यादीत तो कधीच आला नाही आणि पुढे त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही बंद पडल्या. त्याचीच भावंडं मात्र पदकाला पोचली. उंचवट्यांवरून उतरण्याचा मोगल १९९२ मध्ये आणि हवेत कोलांट्या घेण्याचा एरियल्स १९९४ मध्ये. माझ्या मते फरक एवढाच की मोगल आणि एरियल्समध्ये कोण चुकलं ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसतं. स्की बॅलेत कोण हरलं आणि का हरलं, हे परीक्षकाखेरीज कुणाला सांगता येत नव्हतं.

मित्रहो, माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. जिंकण्याचा जल्लोष खुळातही असतो. खेळ टिकतो तो हरण्याच्या नियमावर. हरणाऱ्याला आपण का हरलो हे कळलं, ते त्याला मान्य झालं आणि त्यावर काम करायला तो सोमवारी सकाळी गॅरेजमध्ये गेला, तर तो खेळ. ड्रिफ्टिंगला हा नियम मिळाला तो ट्रॅकवर दुसरी गाडी आली तेव्हा.

एकट्याच्या फेरीत रेषा, कोन, वेग आणि शैली यांवर गुण मिळतात. जपानच्या डी१ मालिकेत त्यासाठी गाडीत संवेदक बसवतात आणि वेग-कोनाचा हिशेब यंत्र ठेवतं. तरीही एकटी गाडी म्हणजे प्रात्यक्षिकच. खरी लढत टँडमची. दोन गाड्या एकाच वेळी सुटतात. पुढची लीड, मागची चेस. पुढच्याने ठरलेली रेषा, ठरलेला कोन आणि चांगला वेग राखायचा. मागच्याने त्याची सावली व्हायचं. मग दोघांनी जागा बदलायच्या आणि तेच पुन्हा करायचं. तीन परीक्षकांचं बहुमत जमलं नाही तर लढत पुन्हा होते.

एक वळण जवळून पाहू. दोघे ताशी शंभराच्या पुढच्या वेगात येत आहेत. पुढचा गाडी आडवी घालतो. मागच्याला समोर दिसतो तो फक्त पांढरा धूर आणि त्यात पुढच्या गाडीचं दार. आपली गाडी नेमकी कधी घालायची हे त्याने क्षणाच्या आत ठरवायचं आहे. लवकर घातली तर दारावर आदळेल. उशिरा घातली तर दोघांत तीन गाड्यांचं अंतर पडेल आणि ते स्टँडमधल्या शाळकरी पोरालाही दिसेल. जवळ राहायचं म्हणून कोन कमी केला तर गाडी सरळ होईल, तेही दिसेल. पुढच्यालाही मनमानी करता येत नाही. मागच्याला फसवायला त्याने अवेळी ब्रेक मारला किंवा रेषा सोडली, तर दोष त्याचा. इथे शैलीला एक माप मिळालं : दोन गाड्यांमधली फट. निकालावर वाद होतात, ते कुठल्या खेळात होत नाहीत? पण वाद कशावर आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

यामुळेच या खेळात वरचं नाव वारंवार वरच राहतं. आयर्लंडच्या जेम्स डीनने फॉर्म्युला ड्रिफ्टचं विजेतेपद २०१७, २०१८ आणि २०१९ असं सलग तीनदा मिळवलं आणि २०२४ मध्ये पुन्हा मिळवलं. सगळा मामला धुराचा आणि टाळ्यांचा असता, तर दरवर्षी नवा हिरो निघाला असता. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाने २०१७ मध्ये टोकियोत ड्रिफ्टिंगचा आंतरखंडीय चषक भरवला आणि २०१९ च्या रोममधल्या मोटरस्पोर्ट गेम्समध्येही त्याला जागा दिली. युरोपातल्या ड्रिफ्ट मास्टर्स मालिकेची अंतिम फेरी वॉर्साच्या राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियममध्ये झाली. चित्रपटाची लाट ओसरून गेल्यानंतर घडलेल्या या गोष्टी आहेत.

मग धोका नाहीच का? आहे, आणि तो घड्याळवाल्यांच्या टीकेपेक्षा मोठा आहे. पहिला धोका खर्चाचा. हा खेळ रात्रपाळी करून जुनी गाडी घेणाऱ्या पोरांनी उभा केला. आज वरच्या स्पर्धेत हजार अश्वशक्तीच्या गाड्या धावतात आणि एका दिवसात टायरांचे ढीग संपवतात. ज्या निस्सान सिल्वियावर दोन पिढ्या शिकल्या तिचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. उरलेल्या गाड्यांच्या किमती शिकाऊ पोराच्या हाताबाहेर गेल्या. दुसरा धोका जागेचा. अमेरिकेत जिथे हा खेळ रुजला ते अर्विंडेल २०२४ अखेर बंद झालं. शिकायची जागा गेली आणि शिकायची गाडी महागली, की वरचा थर कितीही झगमगला तरी खालून माणसं येणं थांबतं. खेळ असेच मरतात.

आता आपल्या घराकडे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी ही मोटार मागच्या चाकांवर चालायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हळूहळू आपल्या साध्या गाड्या पुढच्या चाकांवर चालू लागल्या. त्यामुळे या खेळाची स्वस्त पहिली पायरीच आपल्याकडे नाही. जे आहे ते रात्रीचा रिकामा रस्ता, हँडब्रेक आणि शूटिंग करणारा मित्र. त्याचा ड्रिफ्टिंग या खेळाशी संबंध नाही. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. सौदी अरेबियाच्या रस्त्यांवर असेच प्रकार वर्षानुवर्षं चालले आणि त्यांत जीव गेले. जपानमध्ये पोरं घाटातून सर्किटवर आली, कारण त्यांना सर्किट परवडत होतं आणि तिथे जिंकण्या-हरण्याला अर्थ होता.

इथे आपली जबाबदारी येते. दुभाजकावर आदळलेल्या गाडीच्या बातमीला ‘ड्रिफ्टिंगचा थरार’ असा मथळा आपणच देतो. तो देणं बंद करू या. उद्या पुण्याजवळ किंवा कोइमतूरला रीतसर स्पर्धा झाली, तर धुराचा फोटो जरूर छापा, पण सोबत गुणांचा तक्ता द्या, परीक्षकांनी दिलेलं कारण द्या. कुस्तीचं वर्णन करताना पैलवान कुठल्या डावावर चीत झाला हे आपण सांगतो; तेवढाच नेमकेपणा इथे हवा. आयोजकांना विचारा, शिकाऊ वर्गाची प्रवेश फी किती आहे आणि तिथे साध्या गाडीला जागा आहे का. या खेळाचं भवितव्य विजेत्याच्या बक्षिसापेक्षा त्या उत्तरावर जास्त अवलंबून आहे.

अध्यक्ष म्हणून नव्हे, तुमच्यातलाच एक लिहिणारा म्हणून माझा कौल देतो. टायर जाळण्याची हौस ओसरेल. विजेच्या गाड्या आल्या की आवाजाची नवलाईही जाईल. टँडम टिकेल, कारण दोन माणसांपैकी कोण सरस हे सर्वांदेखत ठरवण्याची रीत एकदा सापडली की माणसं ती सहसा सोडत नाहीत. अट एकच : पुढचा हरणारा तयार व्हायला खाली जागा हवी. तुम्हाला माझा कौल पटला नाही, तर पुढच्या संमेलनात पुरावे घेऊन या आणि याच व्यासपीठावरून मला खोडून काढा.